सभासदांची की समाजाची? माजी एअर होस्टेसच्या एका संस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

वाशी, नेरुळ आणि ठाण्यात राहणाऱ्या माजी एअर होस्टेसची ही संस्था १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदली गेली. ओळख पटू नये म्हणून नाव गाळले आहे. काही तारखा, रकमा आणि सभासदसंख्याही बदलल्या आहेत. कायद्याची कलमे आणि मुदती मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. आयकराची कलमे आणि फॉर्म १९६१ च्या कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यांचे क्रमांक आता बदलतात.

ही संस्था कोणी आणि का काढली, हे समजल्याशिवाय पुढची गुंतागुंत कळणार नाही. एअर इंडियाच्या तेव्हाच्या सेवानियमांनुसार एअर होस्टेसला वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. २८ ऑगस्ट १९८१ रोजी ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांतल्या लग्नाची अट कायम ठेवली. संस्थापक अकरा जणी याच पिढीतल्या. तिशीच्या आसपास नोकरी सुटलेली, भाषा, प्रथमोपचार आणि माणसे हाताळण्याचे पक्के प्रशिक्षण गाठीशी, आणि हातात रिकामा वेळ. पेन्शन मात्र जवळपास कुणालाच नव्हती. सिडकोच्या वसाहतींत घरे घेतल्यामुळे त्या एकमेकींच्या जवळ राहायला आल्या आणि महिन्याच्या भेटीतून संस्था उभी राहिली.

अशा संस्था जगात आधीपासून होत्या. एलन चर्च १५ मे १९३० रोजी बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानात पहिली स्टुअर्डेस म्हणून चढली. लग्न झाले की नोकरी सोडायची, हा नियम पुढे तिथेही अनेक वर्षे होता. युनायटेड एअरलाइन्सच्या माजी स्टुअर्डेसची ‘क्लिप्ड विंग्ज’ ही संघटना १९४१ ची, तर पॅन अ‍ॅमच्या माजी केबिन क्रूची ‘वर्ल्ड विंग्ज इंटरनॅशनल’ १९५९ ची. पॅन अ‍ॅम डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, तरी वर्ल्ड विंग्ज चालू राहिली. मैत्री आपसातली असली तरी तिचा निधी ‘केअर’ या मदतसंस्थेसारख्या बाहेरच्या कामाला जात होता. नवी मुंबईच्या संस्थेत नेमकी हीच रेघ आखायची राहून गेली होती.

संस्थेच्या घटनेत तीन उद्देश होते. पहिला, ‘सभासद व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण’. दुसरा, गरजू मुलींचे शिक्षण. तिसरा, आरोग्य व प्रथमोपचाराचा प्रसार. सभासदत्व एकाच विमान कंपनीच्या माजी एअर होस्टेसपुरते होते. प्रत्यक्षात काम चालले ते दुसऱ्या-तिसऱ्या उद्देशाचे. तुर्भे आणि दिघा भागातल्या नववी ते बारावीच्या मुलींना शिष्यवृत्ती, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, शाळांमधून प्रथमोपचार. दिवाळीआधी वाशीत भरवल्या जाणाऱ्या विक्रीतून सव्वा लाखाच्या आसपास मिळत. १४ लाखांच्या कायम निधीचे व्याज आणि देणग्या धरून वर्षाला पावणेचार लाख जमत आणि त्यातले तीन-सव्वातीन लाख खर्च होत. आयकराची १२ए नोंदणी, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करातून सूट देणारी नोंदणी, जुनीच होती. २०२२ च्या मार्चमध्ये सीएने फेरनोंदणीचा फॉर्म १०ए भरला आणि नव्या १२एबी कलमाखाली ३१ मार्च २०२६ पर्यंतची नोंदणी आपोआप मिळाली. जुन्या संस्थांची ही फेरनोंदणी छाननीविना होत होती. त्यामुळे आपले सगळे ठीक आहे, असा समज समितीत पक्का झाला.

अडचण

खातेवहीत जून २०२२ पासून दर महिन्याला एकच नोंद दिसते: ‘वैद्यकीय साहाय्य, रु. १२,०००’. पुढे रुग्णाचे नाव नाही, रुग्णालयाचे बिल नाही, फक्त ठरावाचा क्रमांक. प्रोसिडिंग बुकात तो ठराव उघडला की कळते, की ही मदत अकरा संस्थापकांपैकी एकीला डायलिसिससाठी दिली जात होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मूलबाळ नाही, पेन्शन नाही. ठराव एकमताने झाला होता. ऑगस्ट २०२३ पर्यंत १५ महिन्यांत १,८०,००० रुपये गेले.

२०२२-२३ चे ऑडिट करताना सीएने इथे बोट ठेवले. आयकर कायद्याच्या कलम १३(३) मध्ये संस्थेचा संस्थापक, विश्वस्त, मोठा देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक यांची यादी आहे. संस्थेचे उत्पन्न यांच्या फायद्यासाठी वापरले तर तेवढ्या रकमेवरची सूट जाते. २०२२ च्या वित्त अधिनियमानंतर त्या रकमेवर कलम ११५बीबीआयनुसार सरळ ३० टक्के कर लागतो. कलम २७१एएई प्रमाणे पहिल्या वेळी तेवढीच रक्कम आणि पुन्हा घडल्यास दुप्पट दंड होऊ शकतो. संस्थापक हे नाते कालबाह्य होत नाही. तीस वर्षांपूर्वी समिती सोडली असली तरी नाव यादीत राहते. रुग्ण खरोखर गरजू होती, याने या कलमात काही फरक पडत नाही.

त्याच महिन्यात दुसरी गाठ समोर आली. बँकेने केवायसीसाठी परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा मागितला. उताऱ्यावर २००६ सालच्या समितीची सात नावे होती. त्यातल्या चौघी हयात नव्हत्या आणि एक कॅनडात होती. २००९ पासून तीन समित्या निवडून आल्या, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल घडल्यापासून ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज एकदाही दिला गेला नव्हता. कागदावर आजची समिती अस्तित्वातच नव्हती. बँकेने सह्या बदलायला नकार दिला आणि मुदत ठेवी मोडता येईनात.

तिसरी गोष्ट चांगल्या बातमीच्या वेषात आली. टोरंटोत स्थायिक झालेल्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीने पाच लाख रुपये देऊ केले, तेही तिच्या भारतातल्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यातून, रुपयांत. रुपयांत आहेत म्हणजे परदेशी देणगी नाही, असे समितीने गृहीत धरले होते. परकीय योगदान नियमन कायदा मात्र चलन पाहत नाही, देणाऱ्याचे नागरिकत्व पाहतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीची देणगी चालते. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी परकीय ठरते, मग ती मूळची ठाण्याची असली तरी. माजी केबिन क्रूच्या संस्थांनी हे फार जपायला हवे. त्यांच्या निम्म्या मैत्रिणी लंडन, दुबई, न्यू जर्सीत असतात, आणि दुबईतली सहसा भारतीय पासपोर्टवर असते, लंडनमधली बहुधा नसते.

समोरचे पर्याय

सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत पहिला सूर असा होता, “आपल्याच माणसाला आपण नाही द्यायचं, तर कुणी द्यायचं?” त्या प्रश्नाला समितीने बगल दिली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवे.

पहिला पर्याय म्हणजे मदत चालूच ठेवायची, पण सभासदांनी संस्थेला देणगी द्यायची, ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी, पावती घ्यायची आणि संस्थेने तीच रक्कम रुग्णाला पोचवायची. सीएने तो एका वाक्यात फेटाळला: पैसा संस्थेतून गेला की कलम १३ लागतेच, वर देणगीदारांच्या पावत्याही संशयात येतात.

दुसरा, आपसातल्या मदतीसाठी वेगळी नोंदणीकृत संस्था. म्हणजे आणखी सात जणींची समिती, आणखी एक ऑडिट, आणखी बदल अर्ज. ज्या समितीला एका संस्थेचे कागद सांभाळता आले नव्हते, तिच्यावर दुसरीचा भार टाकायचा. तो मागे पडला.

तिसरा, ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या न्यासात विलीन व्हायचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०ए खाली सामाईक योजना करून ते करता येते. निधी आणि शिष्यवृत्त्या सुरक्षित राहिल्या असत्या, पण संस्थेचे वेगळेपण संपले असते. यावर तीन बैठका गेल्या. आमच्या मते हा पर्याय मिळाला त्याहून जास्त गांभीर्याचा हक्कदार होता. सभासदांचे सरासरी वय सत्तरीकडे झुकलेले असताना दहा वर्षांनी हे काम कोण पाहणार, याचे उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हते.

चौथा पर्याय स्वीकारला गेला. घटनेतला पहिला उद्देश काढायचा, संस्था पूर्णपणे सार्वजनिक कामासाठी ठेवायची, आपसातली मदत संस्थेच्या खात्याबाहेर थेट व्यक्तीकडून व्यक्तीला करायची, आणि सभासदत्व कोणत्याही कंपनीच्या माजी केबिन क्रूला, पुरुषांसह, खुले करायचे. थेट मदतीलाही एक मर्यादा आहे, हे तेव्हाच सांगितले गेले. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक भेट मिळाली तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. रुग्णाचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्याने तिला कर लागणार नव्हता, पण हिशेब ठेवणे भाग होते.

टोरंटोच्या देणगीबाबत फार विचार करावा लागला नाही. परकीय योगदानाच्या नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. संस्थेचा तो आकडा दहा लाखांच्या आत होता. देणगी नाकारली.

प्रत्यक्ष काय केले

सर्वांत आधी खर्च थांबवला आणि घडलेले कबूल केले. २०२२-२३ मधले १,२०,००० रुपये ऑडिटच्या फॉर्म १०बीबीमध्ये दाखवले, पुढच्या वर्षी उरलेले ६०,०००. दोन्हींवर ३० टक्क्यांनी ५४,००० रुपये कर आणि वर उपकर भरला. सभासदांनी आपापल्या खिशातून १,८०,००० रुपये संस्थेच्या खात्यात परत जमा केले. पावत्यांवर ‘चुकीने झालेल्या खर्चाची परतफेड’ असे लिहिले, देणगी म्हटले नाही. हा तपशील पुढे उपयोगी पडला.

मग बदल अर्ज. तीन समित्यांचे तीन स्वतंत्र अर्ज, निवडणुकीच्या क्रमाने, कारण मधला बदल नोंदल्याशिवाय पुढचा नोंदता येत नाही. प्रत्येकासोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे, मृत विश्वस्तांचे दाखले, पायउतार झालेल्यांची ना हरकत आणि विलंब माफीचा अर्ज. इथे खरा खोळंबा २०१४ च्या निवडणुकीचा झाला. इतिवृत्त होते, पण हजेरीच्या पानावर सह्याच नव्हत्या. चहापान आधी झाले आणि वही फिरवायची राहिली असावी. हजर असलेल्या नऊ जणींची प्रतिज्ञापत्रे करावी लागली. कॅनडातल्या विश्वस्ताच्या प्रतिज्ञापत्राला तिथल्या भारतीय वकिलातीची साक्ष घेण्यात अडीच महिने गेले. तिन्ही अर्ज मंजूर होऊन नवा उतारा हाती यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, म्हणजे एकूण चौदा महिने. तेवढा काळ शिष्यवृत्त्या सभासदांनी थेट शाळेत फी भरून चालू ठेवल्या. एकाही मुलीचे वर्ष बुडाले नाही.

उद्देश बदलण्याची रीत १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहे. प्रस्ताव प्रत्येक सभासदाला किमान दहा दिवस आधी लेखी पोचवायचा, विशेष सभेत एकूण सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी, प्रत्यक्ष किंवा प्रॉक्सीने (प्रतिनिधीमार्फत), मंजूर करायचा, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी कायम करायचा. रजिस्टरवर ७१ नावे होती. त्याचे तीन-पंचमांश म्हणजे ४३, आणि इतक्या जणी गेल्या दहा वर्षांत एकत्र आलेल्या नव्हत्या.

या टप्प्यावरचा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. ७१ पैकी १४ जणी वारल्या होत्या. २५ जणींची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली होती, आणि त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे अशा व्यक्तीला मत नसते व ती सभासद म्हणून मोजलीही जात नाही. खजिनदाराला त्या २५ जणींना सरळ वगळून सभा बोलावता आली असती. तसे न करता प्रत्येकीला थकबाकीचे पत्र आणि तीस दिवस दिले. सहा जणींनी भरणा केला, १९ राहिल्या. मोजणीत उरल्या ३८, हव्या होत्या २३. जानेवारी २०२५ च्या सभेत १८ प्रत्यक्ष आणि ९ प्रॉक्सी अशी २७ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. फेब्रुवारीच्या सभेला २१ जणी आल्या, त्यातल्या १८ जणींनी होकार दिला. तीस दिवस वाट पाहिल्यामुळे एकही हरकत कार्यालयात गेली नाही. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

उद्देश बदलले की आयकर खात्याकडे ३० दिवसांच्या आत फॉर्म १०एबी भरून नव्याने नोंदणी मागावी लागते. पुष्कळ संस्था हे विसरतात आणि जुन्या नोंदणीवर विसंबून राहतात. इथे फॉर्म वेळेत गेला. या वेळी छाननी मात्र झाली. सभासदांना दिलेल्या मदतीची खातेवही मागवली गेली. परतफेडीच्या पावत्या आणि भरलेल्या कराचे चलन जोडल्यावर तो मुद्दा मिटला. दुसरा प्रश्न निघाला तो संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता कुणाकडे जाणार हा. घटनेत ते कलमच नव्हते. तेवढ्यासाठी पुन्हा दोन विशेष सभा, पुन्हा एक महिन्याचे अंतर. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी मिळाली.

निष्पत्ती

पैशाच्या मदतीपेक्षा कागदांची मदत मोलाची ठरली. तीन सभासदांनी आपसातल्या आजारपणासाठी एक गट केला आणि आधी काय-काय हक्काचे मिळते याचा अभ्यास केला. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१एए खालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड हाताशी असेल तर दाखल होतानाच अर्ज देता येतो, नंतर बिल भरून मागे लागावे लागत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आले. आजारी संस्थापक २०२५ च्या सुरुवातीला सत्तरीची झाली, आधारवर जन्मतारीख तपासून या योजनेचे वय वंदना कार्ड काढले आणि डायलिसिस त्याखाली योजनेतल्या रुग्णालयात सुरू झाले. प्रवासाचा आणि औषधांचा वरचा खर्च मैत्रिणी थेट देतात.

संस्थेत २२ नवे सभासद आले. त्यातले बरेच १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबल्यावर व्यवसाय बदललेले, खारघर आणि ऐरोलीत राहणारे, पाच पुरुष. त्यांच्यामुळे प्रथमोपचाराचा वर्ग नव्याने उभा राहिला. वीस जणांची तुकडी, पाच मॅनिकिन (सरावाचे पुतळे), एकावर चार जण. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर दोन श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि त्याआधी कुणीतरी १०८ लावलेला असायला हवा. शिकणाऱ्यांत शाळेच्या शिपायांपासून गृहसंकुलांच्या वॉचमनपर्यंत सगळे असतात. सर्वाधिक चूक होते ती दाब सोडताना. हात छातीवर टेकून राहतात, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त भरत नाही. केबिन क्रूने हा सराव वर्षानुवर्षे केलेला असतो, त्यामुळे ही चूक त्यांच्या नजरेला लगेच पडते. टोरंटोची मैत्रीण पैशाऐवजी बारावीच्या मुलींना ऑनलाइन मुलाखतीची तयारी करून देते.

नुकसानही झाले. ‘सभासद कल्याण’ काढल्यावर चार ज्येष्ठ सभासद दुखावून बाहेर पडल्या. थेट मदतीवर ८०जीची पावती नसल्याने दोन नियमित देणगीदारांनी हात आखडता घेतला.

काय वेगळे करता आले असते

मदतीचा ठराव करण्याआधी रुग्णाचे नाव १३(३) च्या यादीत बसते का, एवढा एकच प्रश्न सीएला विचारला असता तर १५ महिन्यांचा घोळ टळला असता. सध्या समितीच्या फायलीत संस्थापक, आजी-माजी विश्वस्त आणि मोठे देणगीदार यांची यादी लावलेली आहे. शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा आधी तिच्याशी ताडून पाहतात.

निवडणुकीच्या दिवशीच बदल अर्जाचे कागद पुरे करता येतात: हजेरीवर सही झाल्याशिवाय सभा सुरू करायची नाही, संमतिपत्रे निकाल लागताच तिथेच घ्यायची, आणि ९० दिवसांची शेवटची तारीख इतिवृत्तातच लिहायची. मृत्यू आणि राजीनामाही बदलच आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट पाहायची नसते.

घटनादुरुस्तीचा मसुदा एकाच वेळी पुरा करायला हवा होता. विसर्जनाचे कलम, मालमत्ता सारखे उद्देश असलेल्या नोंदणीकृत संस्थेकडेच जाईल ही अट, आणि उत्पन्न सभासदांत वाटले जाणार नाही ही अट, या तीन गोष्टी छाननीत हमखास पाहिल्या जातात.

एक बाब अजून मिटलेली नाही. नव्या सभासदांना दोन वर्षे मताचा हक्क नाही, असे जुन्यांच्या आग्रहाखातर पोटनियमात घातले गेले. कलम १५ मोजणीतून वगळते ते फक्त थकबाकीदारांना. मताचा हक्क लांबवलेले २२ जण तीन-पंचमांशाच्या हिशेबात धरले गेले, तर संख्या ५६ होते आणि ३४ मते लागतात, जी जुन्या ३४ सभासदांनी सगळ्यांनी मिळून दिली तरच पुरतील. समितीने ही मुदत सहा महिन्यांवर आणण्याचा प्रस्ताव तयार केला आहे, आणि पोटनियम बदलायला साधी वार्षिक सभा पुरते की कलम १२ ची वाट धरावी लागते, यावर लेखी मत घेऊनच तो सभेपुढे ठेवला जाणार आहे.